पहाटे पाचचं पाणी

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा होता. पावसानं दहा-बारा दिवस दडी मारली होती, सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या होत्या, आणि एका सकाळी गावच्या जलसुरक्षकाचा फोन आला. "मॅडम, डोहात मासोया मरून वर आल्या. या बरं लवकर."

मी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे गावात पाण्याला वास आला, रंग बदलला, फेस दिसला की निरोप माझ्याकडे येतो. आमचं गाव वरुड तालुक्यातलं. नाला पुढे वर्धा नदीला मिळतो, ती नदी सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणात अडते आणि अमरावती शहर त्या धरणाचं पाणी पितं. आमच्या डोहात जे होतं ते आमच्यापुरतं राहत नाही.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तो डोह आहे. मी पोचले तेव्हा काठावर अर्धं गाव जमलं होतं. बोटाएवढ्या मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या, बेशरमीच्या मुळांशी झिंग्यांचा खच पडला होता. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं की कोणीतरी फवारणीचा पंप नाल्यात धुतला. मलाही तेच खरं वाटलं. दुपारी कॉलेजातून परत येताना मी पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली काठावरूनच बुडवून भरली, डिक्कीत टाकली, घरी फ्रिजमध्ये ठेवली आणि तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी एका प्रयोगशाळेत नेऊन दिली.

तिथल्या तंत्रज्ञानं बाटली हातात घेतली आणि मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. नमुना किती वाजता घेतला? धारेतून की काठावरून? किती खोलीवरून? बर्फात आणला का? आदल्या दोन दिवसांत पाऊस होता का? मला दोनच उत्तरं नीट देता आली. मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. कीटकनाशक शोधायचं तर काचेची शिशी लागते, कारण त्यातली बरीच द्रव्यं प्लास्टिकला चिकटून बसतात. जंतू मोजायचे तर निर्जंतुक शिशी लागते आणि नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत, जमलं तर सहा-आठ तासांतच, प्रयोगशाळेत पोचायला हवा. आणि विरघळलेला प्राणवायू तर असा बाटलीतून आणताच येत नाही. "शिशीचं बूच लावलं म्हणून त्यातले जीव श्वास घ्यायचं थांबत नाहीत," असं ते म्हणाले. तीन दिवस मी फ्रिजमध्ये जे जपून ठेवलं होतं, ते नाल्याचं पाणी राहिलेलंच नव्हतं.

परतीच्या एसटीत मला फार वाईट वाटत होतं. प्राणवायू मोजायची विंकलरची पद्धत मी दरवर्षी वर्गात शिकवते. हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी ती १८८८ मध्ये मांडली. आजही यंत्राचा आकडा खरा की खोटा हे तिच्याच आधारे ताडून पाहतात. पण आम्ही ती शिकवतो नळाच्या पाण्यावर, प्रयोगशाळेच्या ओट्यावर, पंख्याखाली. नाल्यात उभं राहून ती मी एकदाही केली नव्हती.

त्या आठवड्यात सामान जमवलं. कॉलेजातून ३०० मिलिच्या सहा बीओडी बाटल्या घेतल्या. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. त्यांना घासून बसवलेलं काचेचं बूच असतं आणि मानेभोवती कडं असतं, म्हणजे आत बुडबुडा अडकत नाही. मँगनीज सल्फेट, आयोडाइड-अ‍ॅझाइड घातलेलं अल्कली, सल्फ्युरिक आम्ल, हायपो (सोडियम थायोसल्फेट), स्टार्च, ब्युरेट, पिपेट, जाड हातमोजे, चष्मा. पीएच आणि विद्युतवाहकता मोजायची दोन हातात धरायची मीटरं. तालुक्याच्या मेडिकलमधून औषधांच्या पार्सलचा थर्माकोलचा डबा मागून आणला, बर्फ रसवंतीतून. लेबलं चिकटपट्टीवर आणि शिसपेन्सिलीनं लिहिलेली, कारण बॉलपेनची शाई ओल्या हातानं पुसली जाते. ही लेबलं शिशी कोरडी असतानाच लावायची. हे साधं वाटतं, पण नाल्यात गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की ओल्या काचेला काहीही चिकटत नाही.

जंतूंच्या नमुन्याचं मात्र जलसुरक्षकानंच मला शिकवलं. तो दर महिन्याला विहिरी आणि नळांचे नमुने घेतो, त्याचा हात बसलेला आहे. मी सवयीनं शिशी नाल्याच्या पाण्यानं खळबळायला घेतली तर त्यानं हात धरला. "मॅडम, हे शिशी धुवाची नसते." रसायनांच्या शिशीचा नियम उलटा आहे: ती नाल्याच्याच पाण्यानं तीनदा विसळायची, विसळलेलं पाणी आपल्या मागच्या बाजूला टाकायचं आणि मग काठोकाठ भरायची. निर्जंतुक शिशी न विसळता, बुचाच्या आत बोट न लावता, तोंड खाली करून वीतभर पाण्यात न्यायची, तिथं तोंड धारेकडे वळवायचं आणि वर थोडी जागा ठेवून बंद करायची. नळाच्या पाण्यासाठी त्या शिशीत सोडियम थायोसल्फेट टाकलेलं असतं, कारण टीसीएल पावडरचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचा, उरलेला क्लोरीन शिशीतही जंतू मारत राहतो. नाल्यात टीसीएल नसतं, पण तेच द्रव्य असलेली शिशी वापरली तरी बिघडत नाही.

उभं कसं राहायचं हेही शिकावं लागलं. आपण नेहमी खालच्या अंगाला राहायचं, तोंड येणाऱ्या धारेकडे. आपल्या पायानं ढवळलेला गाळ आपल्या मागे वाहून गेला पाहिजे. नमुना घ्यायचा तो मुख्य धारेतून, काठाच्या साचलेल्या पाण्यातून नाही. एकाहून जास्त ठिकाणी घ्यायचा असेल तर खालून सुरुवात करून वर चढत जायचं.

पहिला प्रयत्न आम्ही शनिवारी दुपारी दीड वाजता केला. आधी प्रवाह मोजला. सरळ वाहणारा दहा मीटरचा पट्टा बघून दोन्ही टोकांना काड्या रोवल्या, खुणा केलेल्या बांबूनं ठिकठिकाणी खोली घेतली. तरंगायला काय सोडावं? लाकडाच्या ढलप्याला वारा ढकलतो. संत्रं मात्र पाण्यात जवळजवळ पूर्ण बुडून चालतं, आणि धारेत वाहत आलेलं एक हिरवं संत्रं माझ्या पायाशीच अडकलं होतं. तेच सोडलं. तीनदा सोडून सरासरी काढली: दहा मीटरला पन्नास सेकंद. वरचं पाणी तळापेक्षा वेगानं पळतं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ नं गुणतात. रुंदी दोन मीटर, सरासरी खोली २० सेंटिमीटर. हिशेब केला तर सेकंदाला ६८ लिटर. म्हणजे एका घागरीला फार तर पाव सेकंद.

हे संत्रं कुठून आलं, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. आमच्या भागात नाल्यात संत्रं दिसणं म्हणजे झाडाखाली पान दिसण्यासारखं आहे.

प्राणवायू निघाला लिटरला ९.२ मिलिग्रॅम. पाण्याचं तापमान ३० अंश होतं, आणि त्या तापमानाला पाणी हवेतून फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकतं. जास्तीचा आला कुठून? डोहातल्या हिरव्या शेवाळातून. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं. मासोळ्या आणि इतर जलचर जगायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत किमान ४ मिलिग्रॅम लागतो. इथं तर त्याच्या दुप्पट होता. मी वहीत लिहिलं, "प्राणवायू भरपूर. कारण दुसरं असावं."

मी बाटल्या आवरत होते तेव्हा डोहात जाळं टाकणारे म्हातारे भोई बाबा येऊन बसले. म्हणाले, "मॅडम, एकबी मरळ मेली काय? सांगा बरं." मी आठवून पाहिलं. खरंच, मेलेल्यांत मरळ नव्हती. "औषध असतं त मरळ वाचली असती काय? मरळ वरतून हवा घेते. ज्याइले पान्यातलीच हवा लागते, त्याच मेल्या. तुमी दुपारी कायले पाह्यता? पायटे या. पायटे मासोयी तोंड वरते काढून राह्यते, तवा पहा."

मी शास्त्र शिकवते, आणि त्या माणसानं मला एका वाक्यात शास्त्र शिकवलं. मरळीला कल्ल्यांच्या वर हवा घेण्याचा वेगळा अवयव असतो, म्हणून ती चिखलातही जगते. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, पण रात्री तेही श्वास घेतं. तळातला सडता माल रात्रभर प्राणवायू खातो आणि भरायला ऊन नसतं. सर्वात कमी आकडा उजाडायच्या आधी मिळणार. ही सगळी वाक्यं मला पाठ होती, पण मी नाल्याला माझ्या सुट्टीच्या वेळी भेटायला गेले होते.

पुढच्या सोमवारी पहाटे पावणेपाचला निघालो. जलसुरक्षक, भोई बाबा, मी आणि बारावीतल्या दोन मुली. टॉर्चच्या उजेडात डोहाकडे पाहिलं तर पाण्यावर जागोजागी लहान गोल उठत होते, पाऊस पडल्यासारखे. आकाश स्वच्छ होतं. मासोळ्या तोंड वर काढून हवेसाठी धडपडत होत्या. मुलींपैकी एक काही न बोलता बराच वेळ बघत राहिली.

डोहाच्या तळचं पाणी घेण्यासाठी आम्ही गावातल्या वेल्डरकडून एक डबा करून घेतला होता. बाजारात खोल पाण्याचे नमुने घेणारी तयार उपकरणं मिळतात, पण त्यांची किंमत आमच्या आवाक्यातली नव्हती. दोन लिटरचा पत्र्याचा डबा, तळाशी वजनासाठी दगड, आत बीओडीची बाटली, झाकणाला दोन नळ्या. एक नळी बाटलीच्या तळापर्यंत जाते, दुसरी फक्त डब्याची हवा बाहेर सोडते. दोरीनं खाली सोडलं की पाणी आधी बाटलीच्या तळाशी शिरतं, बाटली भरून ओसंडतं आणि मग डबा भरत जातो. हवेला लागलेलं पहिलं पाणी असं आपोआप बाहेर पडतं. बाटलीत उरतं ते मागून आलेलं, हवा न लागलेलं. बुडबुडे यायचे थांबले की डबा भरला. वर काढायचा, बूच पाण्याखालीच बसवायचं आणि बाटली उलटी करून बुडबुडा आहे का बघायचं. असेल तर ओतून पुन्हा.

मग काठावरच, दगडावर टॉर्च ठेवून, मी बूच उघडलं. पिपेटचं टोक पाण्याखाली नेऊन एक मिलि मँगनीज सल्फेट, तसंच एक मिलि आयोडाइड-अ‍ॅझाइड. बूच लावलं, पंधरा वेळा उलटसुलट केलं. या टप्प्याला प्राणवायू असेल तर विटकरी-तपकिरी साका धरतो. जितका प्राणवायू तितका गडद. वर्गातल्या नळाच्या पाण्यात तो नेहमी चहाच्या चोथ्यासारखा दिसतो. त्या बाटलीत तो पांढरा होता, तांदळाच्या धुवणासारखा, किंचित पिवळट छटा असलेला. मी बाटली टॉर्चपुढे धरली आणि कोणालाच काही सांगावं लागलं नाही. रंगावरूनच कळत होतं.

साका निम्म्यापर्यंत बसल्यावर एक मिलि आम्ल घातलं. आता तो प्राणवायू आयोडीनच्या रूपात बांधला गेला. अंधारात ठेवला तर आठ तास तसाच राहतो. बाटल्या ओल्या पोत्यात गुंडाळून जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओसरीवर नेल्या. त्यातलं २०१ मिलि घेऊन हायपोचं ०.०२५ नॉर्मल द्रावण सोडत गेलं की जितके मिलि लागतील तितकेच मिलिग्रॅम प्राणवायू, इतका सोपा हिशेब बसतो. द्रावण फिकट गवती झालं की स्टार्च टाकायचा, निळं होतं, आणि मग थेंबाथेंबानं निळेपणा जाईपर्यंत. डोहाच्या तळचा आकडा आला ०.९, वरच्या थराचा १.६. आणि डोहाच्या वर एक किलोमीटरवर, देवळाजवळच्या धारेत घेतलेल्या बाटलीत ५.८. म्हणजे मधल्या एका किलोमीटरमध्ये काहीतरी प्राणवायू खात होतं.

ते शोधायला वाहकतेचं मीटर कामी आलं. पाण्यात क्षार मिसळले की वाहकता वाढते, आणि हा आकडा उभ्या उभ्या काही सेकंदांत मिळतो. आधी १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाणित द्रावणात मीटर ताडून घेतलं, पीएचचं ७ आणि ९.२ च्या बफरमध्ये. हे न करता घेतलेला आकडा मी आता वहीत लिहीतच नाही. मग डोहापासून वर चढायला लागलो. पन्नास-पन्नास पावलांवर एक मुलगी मीटर बुडवायची, दुसरी लिहायची. ६१०, ६०८, ६१२, ६०५. जाताजाता मुलींनी दगड उलटून पाहिले. डोहाच्या तोंडाशी गाळात फक्त लालबुंद अळ्या होत्या. त्यांच्या अंगात रक्तासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी प्राणवायूत त्या तगतात. देवळाजवळच्या दगडांखाली आदल्या दिवशी तीन शेपट्यांच्या चपट्या मेफ्लायच्या अळ्या मिळाल्या होत्या, ज्या अशा पाण्यात एक रात्रही काढू शकत नाहीत. मीटर त्या क्षणाचं पाणी सांगतं. दगडाखालचे जीव मागच्या कित्येक आठवड्यांचं सांगतात.

एका वळणावर आकडा ६०७ होता. पुढच्या पन्नास पावलांवर ४८४. पीएच ७.२ वरून ७.९. मुलीनं मीटर काढून, पुसून पुन्हा बुडवलं. ४८३.

आम्ही मागे वळून त्या पन्नास पावलांत शोधलं. बेशरमीची जाळी काठीनं बाजूला केली तशी आधी माशा उठल्या, मग आंबूस, दारूसारखा वास आला. उतारावर सडक्या संत्र्यांचा ढीग होता, दोन ट्रॉल्या तरी असतील. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या संत्र्यांची, फळगळ. ऑगस्ट-सप्टेंबरात गळलेलं फळ बगीच्यात ठेवलं तर माशी आणि बुरशी वाढते, म्हणून शेतकरी वेचून बाहेर टाकतात. ढिगाखालून तपकिरी पाणी झिरपत थेट नाल्यात उतरत होतं. पिकलेल्या संत्र्याच्या रसात शंभरात आठ-दहा भाग साखर असते. ती पाण्यात गेली की जिवाणू तुटून पडतात आणि तिच्याबरोबर प्राणवायू संपवतात. पाऊस असता तर वाहून गेलं असतं. उघाडीत सेकंदाला ६८ लिटरची धार ते पेलू शकली नाही.

त्या वळणाला तीन बगीचे लागून आहेत. त्यातला मधला आमचा आहे. ढिगातली निम्मी फळं आमच्या ट्रॉलीतून आलेली होती.

घरी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सांगायला मला संध्याकाळ लागली. ते रागावले नाहीत. बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, "बाई, मी पंचेचाळीस वर्सापासून तिथंच टाकून राह्यलो. माह्या बापानंही तिथंच टाकलं. वाहून जाते म्हनून टाकतो." मी त्यांना आम्ल न घालता ठेवलेल्या एका बाटलीतला तो पांढरा साका दाखवला. शेजारी देवळाजवळच्या पाण्याची, तशीच ठेवलेली तपकिरी बाटली ठेवली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पाहिल्या आणि विचारलं, "मरळीशिवाय काहीच नाई उरलं काय?"

बाकीच्या दोन बगीचेवाल्यांशी तेच बोलले. मला जमलं नसतं. तीन घरांनी मिळून जेसीबी बोलावला, नाल्यापासून लांब, उंचवट्यावर खड्डा केला; आता गळ त्यात जाते, वर चुना आणि माती. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून बीओडीचे आकडेही नंतर आले. आपल्याकडे ही तपासणी २७ अंशावर तीन दिवस ठेवून करतात. त्या आकड्यांनीही संत्र्यांच्या ढिगाकडेच बोट दाखवलं. कीटकनाशकाची तपासणी खर्चीक, ती आम्ही केली नाही. पण वहीत पुराव्याची साखळी पूर्ण होती: मरळ, पहाट, पांढरा साका, वळणावरचे ६०७ आणि ४८४.

नंतरच्या वर्षी सप्टेंबरात पुन्हा उघाड पडली. आम्ही दर सोमवारी पहाटे जात होतो. प्रत्येक फेरीला एक शिशी दुहेरी घ्यायची, म्हणजे हाताची चूक कळते. एक शिशी ऊर्ध्वपातित पाण्याची बरोबर न्यायची, काठावर उघडून बंद करायची, म्हणजे शिशीतूनच काही येतंय का कळतं. हे दोन्ही नियम मुलींनी लावले, मला विसरू देत नाहीत. डोहाच्या तळाचा आकडा त्या महिन्यात ३.१ च्या खाली गेला नाही, आणि दोन सोमवारी ४.६ होता. पुरेसा नाही. वरच्या गावची गटारं आहेत, गुरं धुणं आहे, बगीच्यातल्या युरियानं शेवाळ वाढतं ते आहे. नायट्रेटचे नमुने आता सुरू केले आहेत, आम्ल घालून, बर्फात.

मागच्या सोमवारी भोई बाबा काठावर आमच्या आधी येऊन बसले होते. टॉर्च डोहावर मारला. पाणी सपाट होतं, एकही गोल नव्हता. जलसुरक्षकानं लेबल लावायला चिकटपट्टी काढली, घड्याळ पाहिलं आणि पेन्सिलीनं लिहिलं: डोह, तळ, ५.०५.